गवती चहाच्या तेलाचा झोन मोठा आला, म्हणून काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्ही गवती चहा आणि रोशा या दोन सुगंधी गवतांची तेलं घेतलीत. गवती चहाचं बाजारातून आणलं आणि रोशाचं सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्याने स्वतः काढलेलं मिळालं. तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या जीसी-एमएस यंत्राच्या रिपोर्टमध्ये गवती चहाचा मुख्य घटक ‘सिट्रल’ हे नावच नाही, उलट डायइथाइल थॅलेट ७ टक्के दिसतंय. डिस्क पद्धतीने (तेल लावलेली कागदी चकती जंतू पेरलेल्या प्लेटवर ठेवून) स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर गवती चहाचा झोन, म्हणजे चकतीभोवतीचं वाढ न झालेलं वर्तुळ, एकदा ३१ मिलिमीटर आला आणि पंधरवड्याने त्याच बाटलीतल्या तेलाचा १७. रोशाचा झोन दोन्ही वेळा त्याहून लहान होता, तुलनेसाठी ठेवलेल्या अँपिसिलिन या अँटिबायोटिकचा २२. आता ‘गवती चहाचं तेल अँटिबायोटिकपेक्षा प्रभावी’ असा निष्कर्ष लिहायला सांगितलंय. तो लिहावा का, असं तुम्ही विचारता.

लिहू नका. तुमचं काम वाया गेलेलं नाही, त्यातून चांगला प्रबंध होऊ शकतो. पण तो निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. सुगंधी तेलांचं विश्लेषण आणि त्यांच्या जंतुरोधक चाचण्या हेच माझं वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच: रसायनाचा रिपोर्ट एका प्रकरणात, झोनचे फोटो दुसऱ्या प्रकरणात, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. ‘तेल चांगलं की वाईट’ हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाही. त्या बाटलीत नेमकं काय होतं, आणि त्यातलं किती जंतूपर्यंत पोचलं, हे दोन प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं असतील तरच आकड्याला अर्थ येतो.

आधी सिट्रलचं बघू. सिट्रल हा एकच रेणू नाही. जेरॅनिअल आणि नेरल या दोन जुळ्या अल्डिहाइडांच्या मिश्रणाला ते नाव आहे. त्यांची सूत्रं तीच, फक्त एका दुहेरी बंधाभोवतीची मांडणी वेगळी. यंत्रातल्या लांब नळीतून, म्हणजे कॉलममधून, ते वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, म्हणून रिपोर्टमध्ये दोन शिखरं दिसतात. शिवाय यंत्राची लायब्ररी बहुतेक वेळा रासायनिक नावच छापते: ‘२,६-ऑक्टाडायईनाल, ३,७-डायमिथिल’, पुढे एकदा ई आणि एकदा झेड. ई म्हणजे जेरॅनिअल, झेड म्हणजे नेरल. तुमच्या रिपोर्टात या दोन ओळी नक्की सापडतील. दोन्हींची टक्केवारी मिळवली की तुमचं सिट्रल मिळालं. व्यापारात चांगल्या गवती चहाच्या तेलात ते साधारण ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर अपेक्षित असतं, आणि त्यात जेरॅनिअल नेरलपेक्षा जास्त असतं.

पण लायब्ररीने ‘९४ टक्के जुळतं’ म्हटलं म्हणून ओळख पटली, असं मानू नका. टर्पीन वर्गातल्या कितीतरी रेणूंचे वस्तुमान-वर्णपट एकमेकांसारखेच दिसतात. म्हणून त्याच कॉलमवर, त्याच तापमान-क्रमाने सरळ साखळीच्या अल्केनांचं मिश्रण चालवून प्रत्येक शिखराचा रिटेन्शन इंडेक्स (अल्केनांच्या तुलनेत ते कधी बाहेर येतं याचा आकडा) काढा. डीबी-५ सारख्या कॉलमवर नेरल सुमारे १२४० ला येतं, जेरॅनिऑल १२५० च्या आसपास, जेरॅनिअल १२७० च्या जवळ. जेरॅनिऑल दोन अल्डिहाइडांच्या मधोमध येतं, त्यामुळे गवती चहात आणि रोशात गल्लत व्हायची सगळ्यात मोठी शक्यता इथेच असते. टक्केवारीसाठी शक्य असेल तर एफआयडी डिटेक्टरचे आकडे घ्या. एमएसच्या क्षेत्रफळाची टक्केवारी म्हणजे तेलातलं वजनी प्रमाण नव्हे, कारण प्रत्येक रेणूला तिथला प्रतिसाद वेगळा असतो.

आता थॅलेट. या एका ओळीवर तुम्ही थांबलात, हे फार बरं झालं. कितीतरी छापील लेखांत डायइथाइल थॅलेट हा वनस्पतीचा घटक म्हणून बेधडक दाखवलेला असतो आणि त्याचे ‘जंतुनाशक गुणधर्म’ही वर्णन केलेले असतात. थॅलेट ही कारखान्यात बनणारी रसायनं आहेत, गवत ती बनवत नाही. प्लास्टिकच्या बाटलीतून किंवा नळीतून झिरपलेलं थॅलेट बहुधा वेगळ्या, जड जातीचं असतं आणि अगदी थोडं असतं. ७ टक्के डायइथाइल थॅलेट म्हणजे तेल पातळ करण्यासाठी कुणीतरी घातलंय, असंच मी समजेन. ते जवळजवळ बिनवासाचं आणि स्वस्त असतं, म्हणून सुगंधाच्या व्यापारात पातळ करायला सर्रास वापरतात. तेव्हा ही बाटली प्रकल्पातून बाजूला ठेवा. रिपोर्टमध्ये लिमोनीन किती आहे तेही पाहा. ते १० टक्क्यांच्या पुढे असेल तर लिट्सिया क्युबेबा या झाडाचं स्वस्त सिट्रलयुक्त तेल मिसळल्याचा संशय घ्यायला जागा आहे. नुसतं सिट्रल भरपूर आहे, एवढ्यावरून तेल शुद्ध ठरत नाही.

शुद्ध तेल मिळालं तरी ते दर वेळी सारखं नसतं, आणि इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. परसात लावतो तो गवती चहा बहुतेक सिम्बोपोगॉन सिट्रॅटस असतो. केरळातून ‘कोचीन तेल’ म्हणून जगभर गेलं ते सिम्बोपोगॉन फ्लेक्झुओससचं. पहिल्यात मिर्सीन बरंच जास्त असतं, आणि त्यामुळे ते तेल ७० टक्के अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. दुसरं विरघळतं. ही परीक्षा जुनी, साधी आणि आजही उपयोगाची आहे, परीक्षानळीत पाच मिनिटांत होते. गवती चहाच्या शेतकऱ्याने केरळातल्या ओडकलीच्या संशोधन केंद्राचं ‘सुगंधी’ वाण लावलंय की लखनौच्या सीमॅप या संशोधन संस्थेचं ‘कृष्णा’, कापणी कधी केली, पाला किती सुकवला, भट्टी किती वेळ चालवली, या प्रत्येक गोष्टीने आकडे हलतात. मग साठवण आहे. सिट्रलला हवा, उजेड आणि आम्ल सोसत नाही. ते ऑक्सिडाइज होतं, घट्ट होतं, आम्लाच्या सान्निध्यात वळसे घेऊन पॅरा-सायमीनसारखे रेणू बनतात. अर्धी रिकामी पारदर्शक बाटली खिडकीत ठेवली की काही महिन्यांत तेच तेल राहत नाही. म्हणून तेल निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडं करून, गडद काचेच्या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवावं, आणि जीसी व जंतूंची चाचणी एकाच आठवड्यात, एकाच बाटलीतून करावी.

मात्र तुमचे ३१ चे १७ झाले ते तेल बिघडल्यामुळे, असं मला वाटत नाही. पंधरा दिवसांत एवढा फरक पडत नाही. तो फरक पद्धतीचा आहे, आणि यावर मी जरा विस्ताराने लिहिते, कारण महाविद्यालयांतलं बहुतेक काम इथेच फसतं.

डिस्क पद्धत पाण्यात विरघळणाऱ्या औषधांसाठी बनली. डिस्कमधलं औषध आगारातल्या, म्हणजे प्लेटमधल्या जेलीतल्या, पाण्यातून पसरतं, अंतरागणिक विरळ होत जातं, आणि जिथे ते पुरेसं उरत नाही तिथे झोनची कड येते. तेल आगारात असं पसरत नाही. त्यातले सिट्रल, जेरॅनिऑल थोडेफार पसरतात, मोठे सेस्क्विटर्पीन जवळजवळ जागेवरच बसतात. उलट सिट्रलची वाफ प्लेटच्या झाकणाखाली कोंडते आणि वरून जंतूंवर काम करते. म्हणजे तुमच्या ३१ मिलिमीटरमध्ये आगारातून गेलेलं किती आणि हवेतून गेलेलं किती, हे त्या झोनवरून कळत नाही. पडताळायचं असेल तर तेलाची डिस्क आगारावर न ठेवता झाकणाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि प्लेट उलटी करून उबवा. झोन तरीही आला तर तो निव्वळ वाफेचा. आणि याचाच दुसरा अर्थ असा की एकाच प्लेटमध्ये गवती चहा, रोशा आणि अँपिसिलिन अशा डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या असतील, तर गवती चहाच्या वाफेने सगळ्यांचेच झोन बिघडवलेत. मग यात आगाराची जाडी (४ मिलिमीटर हवी), डिस्कवर तेल टाकल्यावर ती किती वेळ उघडी राहिली, इनोक्युलम (पेरलेलं जंतूंचं द्रावण) किती दाट होतं, हे सगळं भर घालतं. मोजमापात डिस्कचे ६ मिलिमीटर धरलेले असतात, हेही विसरू नका.

अँपिसिलिनचा तुमचा २२ हा आकडा मला तेलाच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो. एटीसीसी २५९२३ हा स्टॅफिलोकॉकसचा प्रमाण वाण वापरला असेल, तर १० मायक्रोग्रॅमच्या अँपिसिलिन डिस्कला २७ ते ३५ मिलिमीटर झोन यायला हवा. २२ आला म्हणजे एक तर डिस्क जुन्या झाल्यात, किंवा इनोक्युलम दाट होतं, किंवा तुमचा जंतू तो वाणच नाही. कंट्रोल, म्हणजे इथे अँपिसिलिन, हद्दीबाहेर असताना त्या दिवसाचे बाकीचे आकडे वापरायचे नसतात. वाण कुठून आला ते आधी शोधा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह किंवा चंदीगडचा एमटीसीसी इथून नोंदीसह वाण मिळतो. वर्षानुवर्षं शेजारच्या प्रयोगशाळेतून फिरत आलेला स्लँट (नळीत वाढवलेले जंतू) प्रबंधासाठी वापरू नये.

आता ‘अँटिबायोटिकपेक्षा भारी’ची तुलना. अँपिसिलिनच्या डिस्कवर १० मायक्रोग्रॅम औषध असतं. तुम्ही तेल १० मायक्रोलिटर टाकलंय. गवती चहाच्या तेलाची घनता ०.८९ च्या आसपास धरली तर ते ८,९०० मायक्रोग्रॅम झालं. म्हणजे जवळजवळ नऊशे पट माल टाकून काही मिलिमीटर जास्त मिळाले. झोन शेजारी ठेवून फोटो काढला की हे दिसत नाही, म्हणून तो फोटो फसवा आहे.

मग काय करावं? एमआयसी काढा, म्हणजे वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी प्रमाण. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये म्युलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचं पोषक द्रावण) घ्या, तेल २ टक्क्यांपासून निम्मं निम्मं करत ०.०१५ टक्क्यांपर्यंत न्या. तेल ब्रॉथमध्ये मिसळायला ट्वीन ८० हे मिसळक लागेल, पण अंतिम प्रमाण ०.५ टक्क्यांच्या आत ठेवा, कारण जास्त ट्वीन तेलाला स्वतःत बांधून ठेवतं आणि एमआयसी खोटी वाढते. नुसतं ट्वीन आणि ब्रॉथ असलेला कंट्रोल हवाच. मूळ द्रावण काचेत करा, शुद्ध तेल पॉलिस्टायरीनला मऊ करतं. इनोक्युलम ०.५ मॅकफारलंड गढूळपणाचं, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी पेशी, ते पातळ करून खाचेत अंतिम ५ लाख प्रति मिलिलिटर येईल असं बघा. प्लेट चिकटपट्टीने बंद करा, आणि जास्त तेलाच्या खाचा व बिनतेलाचे कंट्रोल एकमेकांपासून लांब ठेवा. नाहीतर वाफ शेजारच्या खाचेत जाते आणि कंट्रोलच वाढत नाही. तेलामुळे ब्रॉथ गढूळ दिसतो, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी वाढ ठरवू नका, रेझाझुरिन हा रंग घाला. निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. शेवटी स्वच्छ खाचांतलं थोडं थोडं नव्या प्लेटवर पसरा. तिथे वाढ आली तर जंतू नुसते थांबले होते, मेले नव्हते.

आकडे कसे येतात याचा अंदाज हवा असेल तर वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातलं १९९९ चं काम बघण्यासारखं आहे. तिथे ५२ वनस्पती तेलं आणि अर्क १० जंतूंवर एकाच पद्धतीने तपासले गेले. गवती चहा, ओरेगॅनो आणि बे या तीनच तेलांनी २ टक्के किंवा त्याखाली सगळ्या दहांना रोखलं. गंमत म्हणजे त्या कामात स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर सगळ्यात कमी एमआयसी आली ती वाळ्याच्या तेलाची, ०.००८ टक्के. वाळाही गवतच आहे, फक्त तेल मुळात असतं आणि जड सेस्क्विटर्पीनांचं असतं. हेच तेल डिस्कवर टाकलं तर जेमतेम झोन येईल, कारण ते आगारात सरकतच नाही. डिस्क पद्धतीने गवती चहा आणि वाळा यांची तुलना करणारा विद्यार्थी वाळ्याला नापास करेल. तुमच्या रोशाबद्दलही मला हीच शंका आहे. त्याचा झोन लहान आला म्हणून ते कमजोर, हे एमआयसी हाती आल्याशिवाय म्हणू नका.

रोशाबद्दल थोडं अधिक लिहावंसं वाटतं, कारण तो आपल्या मुलखाचा माल आहे. नंदुरबार, शहादा, तळोदे, अक्राणी या भागांत आणि पलीकडे निमाडात एकोणिसाव्या शतकात त्याच्या भट्ट्या चालत. तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. युरोपात त्याला ‘तुर्की जेरॅनियम तेल’ म्हणत. जर्मन रसायनज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी १८७१ मध्ये जेरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, ते भारतातून गेलेल्या याच प्रकारच्या गवताच्या तेलातून.

या गवताच्या मोतिया आणि सोफिया अशा दोन जाती आहेत आणि रानात त्या ओळखायला अवघड जातात. मोतियाच्या तेलात जेरॅनिऑल ७५ ते ८५ टक्के, सोबत जेरॅनिल असिटेट आणि थोडं लिनॅलूल. सोफियात पेरिलाइल अल्कोहोल, मेंथाडायईनॉल गटातले रेणू आणि लिमोनीन जास्त. शेतकऱ्याने लागवड केलेली असेल तर बहुधा मोतियाच असेल, डोंगरावरून कापून आणलं असेल तर मिसळ असू शकते. तुमच्या रिपोर्टात जेरॅनिऑल ८० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. ५० च्या खाली असेल तर प्रबंधात ‘रोशा तेल’ एवढंच न लिहिता जातीचा उल्लेख करा आणि गवताचा नमुना वनस्पतीशास्त्र विभागाकडून ओळखून घ्या.

नेमका कोणता घटक काम करतो, असंही तुम्ही विचारलंय. सिट्रल आणि जेरॅनिऑल दोन्ही पेशीच्या पटलात शिरतात, ते सैल करतात आणि आतले आयन बाहेर गळू लागतात. सिट्रल अल्डिहाइड असल्याने प्रथिनांच्या अमिनो आणि थायॉल गटांशीही अभिक्रिया करतं. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, त्यामुळे ते सहसा जास्त टिकतात, आणि स्युडोमोनास एरुजिनोसा सगळ्यांत चिवट. तुमचा तक्ता असाच येईल, त्यात बिचकण्यासारखं काही नाही. पण एक घटक म्हणजे सगळं तेल नव्हे. नायजेरियात १९८४ मध्ये झालेल्या कामात सिट्रलचे दोन्ही भाग स्वतंत्रपणे जंतुरोधक ठरले. मिर्सीन एकटं निष्क्रिय होतं, तरी सिट्रलमध्ये मिसळल्यावर परिणाम वाढला. तुमच्या प्रकल्पात शुद्ध सिट्रल आणि शुद्ध जेरॅनिऑलच्या एमआयसीची एक-एक ओळ जोडलीत, तर रसायन आणि जंतू ही दोन प्रकरणं खऱ्या अर्थाने जोडली जातील. दोन्ही रसायनं महाग नाहीत.

औषध म्हणून दाव्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चांगल्या तेलाची एमआयसी ०.०६ टक्के आली तरी ती मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाते. संवेदनशील स्टॅफिलोकॉकसला अँपिसिलिन एक मायक्रोग्रॅमच्याही खाली पुरतं. त्यात रक्तातली, जखमेतली प्रथिनं तेलाला बांधून ठेवतात. तेव्हा ‘पोटात घ्या’, ‘जखमेवर नुसतं लावा’ असं कुणालाही सांगू नका. त्वचेवरही जपून. सिट्रल, जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनॅलूल आणि लिमोनीन हे पाचही युरोपीय संघाच्या सुगंधी अ‍ॅलर्जीकारकांच्या यादीत आहेत. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्के आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्यांवर गेले की लेबलवर नाव द्यावं लागतं. या तेलांची खरी ताकद मला दिसते ती वाफेत: साठवणीतल्या बुरशा, बंद डब्यातलं धान्य, फळांचं पॅकिंग. तुमच्याकडे झाकणातल्या डिस्कचा प्रयोग तसाही होणार आहे, तर त्यात ॲस्परजिलस या बुरशीचा एक वाण घाला. मार्गदर्शकांना दाखवायला ते निष्कर्ष ‘अँटिबायोटिकपेक्षा प्रभावी’पेक्षा कितीतरी भक्कम असतील.

आत्ताचे झोन फेकू नका. ‘प्राथमिक चाळणी’ या मथळ्याखाली दोन्ही वेळचे आकडे द्या, कंट्रोल हद्दीबाहेर होता हे तिथेच नोंदवा, आणि एमआयसीचा तक्ता त्याच्यानंतर घ्या. तक्त्याच्या डोक्यावर तेलाची जात, कापणीचा महिना, भट्टीची तारीख, जीसीची तारीख आणि सिट्रल किंवा जेरॅनिऑलची टक्केवारी लिहा. गवती चहाचं नवं तेल थेट भट्टीवरून घ्या, आणि तिथल्या शेतकऱ्याला सांगून त्याच खेपेचे ५० मिलिलिटर वेगळे सीलबंद ठेवून घ्या. तोंडी परीक्षेत कुणी आकड्यावर शंका घेतली तर पुन्हा तपासायला तेच तेल हातात हवं.